अण्णांची विरळणी

अण्णा,

वाचनालयाचा कवितासंग्रह परत करायला सांगलीला जाते आहे. आमटी झाकून ठेवली आहे. माझ्यासाठी न थांबता दिवस मावळण्यापूर्वी जेवून घ्या.

काल मी फार टोचून बोलले. द्राक्षाच्या घडातले मणी विरळावेत तशा तुम्ही त्या पुस्तकातल्या ओळी पेन्सिलीने खोडलेल्या मला दिसल्या आणि "तुम्हाला कवितेतलं काय कळतंय?" असे तोंडातून निघून गेले. तुम्ही एवढेच म्हणालात, "पोरी, घडात मणी लय झालं की एकबी फुगत न्हाई."

आज सकाळी त्या रेघा रबराने पुसताना कविता पुन्हा वाचल्या. संध्याकाळच्या कवितांवरचे माझे प्रेम कायम आहे. पण विहिरीवरची कविता तुम्ही राखलेल्या चार ओळींतच खरी उभी राहते. तुम्ही मला दिलेली कादंबरी मात्र अजून जड जाते. तिच्यातला दुष्काळ जिवंत आहे, पण विरळणी तिचीही व्हायला हवी होती.

टेबलावर निळी वही आहे. तिच्यातल्या कविता माझ्या आहेत, आजवर कुणालाही दाखवलेल्या नाहीत. पेन्सिलीला टोक काढून ठेवले आहे.

ब्राह्मी