शेंगा फोडायला बसलेला लेक

आई,

युगांडातल्या छावणीतून तुमच्या सुनेचा नमस्कार. गुडघा अजून दुखतो का?

मी बरी आहे. आम्ही बायका नळावर भांडतो, रडतो आणि मोकळ्या होतो. तुमचा लेक पितिया मात्र धाकटा वानी गेल्यापासून गप्पच. इथले सगळे पुरुष तसेच, विचारलं की म्हणतात, "ठीक आहे."

परवा तो आपणहून आमच्यात शेंगा फोडायला बसला. शेजारीण म्हणाली, "काय हो, आमच्यासारखं कापड नेसायला देऊ का?" तो हसला नाही, पण उठलाही नाही. फोडता फोडता धाकट्या भावाला इकडे पळून येताना वाटेत कसं पुरलं, ते सगळं बोलला. आम्ही कुणी मान वर केली नाही, फोडत राहिलो.

घरातल्या शेंगा संपल्या. आता तो पुन्हा बसावा म्हणून शेजारच्या घरांतून फोडायच्या शेंगा मागून आणते.

तुमचीच,
केजी