समज, मीच बसलेय

सोमवार, ३

पोचलो एकदाच्या. मी, ठकी, तीन बोचकी आणि माझी हत्यारांची पेटी. खोली धुलाई कारखान्याच्या आवारातच आहे, बॉयलरच्या खोलीला लागून, त्यामुळे एक भिंत कायम कोमट असते. ठकीने भिंतीला पाठ टेकवली आणि म्हणाली, आई, ही भिंत जिवंत आहे. आठ वर्षांची आहे, पण जिभेला हाड नाही. माझ्यावर गेलीय.

दोन वर्षं ती माझ्या बहिणीकडे राहिली. बहिणीने तिला जीव लावला, ते मी विसरणार नाही. पण मागच्या भेटीत पोरगी चुकून तिलाच आई म्हणाली आणि मग माझ्याकडे बघून ओशाळली. त्याच दिवशी ठरवलं, राहायला खोली देतील ती नोकरी धरायची आणि ठकीला घेऊन यायचं. आता तिला परत सोडणार नाही.

कारखान्यात इस्पितळांच्या चादरी येतात. विजेचं जे जे बिघडेल ते माझ्या गळ्यात. मुकादमांनी आल्या आल्या पहिली पेशंट दाखवली, बॅटरीवरची छोटी गाडी. चादरींचे गठ्ठे एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेते. मनाला येईल तिथे थांबते, मनाला येईल तेव्हा चालू होते. सगळे तिला ‘रडी’ म्हणतात. तीन मेकॅनिकांनी हात टेकले म्हणे. मी म्हटलं, टेकू देत, माझे हात मोकळे आहेत.

माझे उस्ताद म्हणायचे, कायमचा बिघाड मीटरवर दिसतो, अधूनमधून येणारा वहीत सापडतो. कधी, कुठे, कोण चालवत होतं, सगळं लिहायचं. म्हणून ही वही.

मंगळवार, ४

सकाळपासून रडीच्या मागे. बॅटरी ठणठणीत. टर्मिनलं घासली, आवळली. चावीचा स्विच बरा. ब्रेकची वायर हलवून, ओढून, वाकवून बघितली, मीटरचा काटा ढिम्म. मी बघत असले की बाईसाहेब लोण्यासारख्या चालतात. मी चहाला गेले की दारात ठिय्या.

जिथे थांबते तिथे खडूने फुली मारायला सांगितलं. ड्रायव्हरकाकांनी संध्याकाळपर्यंत अकरा फुल्या मारल्या. काका अंगाने काडी आहेत. डबा खातात की नुसता हुंगतात, कोण जाणे.

बुधवार, ५

सापडलं. फुल्या सगळ्या खाचखळग्यांवर आहेत. आणि मुकादम चालवतात तेव्हा एकही फुली नाही. मुकादम म्हणजे दोन गठ्ठे. सीटखाली एक स्विच असतो, माणूस बसलं की दाबला जातो आणि पुढचा हिरवा दिवा लागतो. सीटवर कोणी नसेल तर गाडी चालत नाही. तो स्विच झिजलाय. खड्ड्यात काका जरा उडाले की गाडीला वाटतं, माणूस उतरलं.

मी काकांना म्हटलं, गाडीत काही दोष नाही, तुमच्याच अंगात वजन नाही. सगळी शेड हसली. काकाही हसले. ठकीला रात्रीच्या जेवणात ही गोष्ट तीनदा सांगावी लागली.

गुरुवार, ६

नवा स्विच यायला दहा दिवस. मुकादम म्हणाले, दहा दिवस गठ्ठे काय डोक्यावर नेऊ? मग केलं ते, जे आमच्या धंद्यात सगळे करतात. स्विच डायरेक्ट केला. लाल वायरचा एक तुकडा, दोन्ही टोकं जोडली, झालं. आता सीटवर कोणी असो नसो, गाडीला वाटणार कोणीतरी बसलंय. उस्तादांनी कान उपटला असता. पण दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.

टेप गुंडाळताना रडीच्या पाठीवर थोपटून म्हटलं, समज, मीच बसलेय कायम, आता रडू नकोस. ठकी शेजारीच होती. तिला फार हसू आलं.

शनिवार, ८

दोन दिवस एकही फुली नाही. मुकादमांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. आमच्या घरात माझ्या शब्दाला कधी वजन नव्हतं, इथे आलं.

काट्यावरच्या बाईंची एक तक्रार आहे. शेडच्या दारात जमिनीत वजनकाटा बसवलाय. काका उतरतात, गाडी तोलली जाते, रिकाम्या गाडीचे ४१० किलो वजा करतात. कालपासून रिकामी गाडी ४१३ दाखवतेय. काटा तपासला, बरोबर आहे. गाडीत चिखल असेल म्हणून धुऊन काढली. ४१३च.

मंगळवार, ११

रिकामी गाडी ४१९.

ठकी म्हणाली, आई, तुझी बांगडी गळतेय. खरंच हातातून निसटत होती. मनगट मात्र तेवढंच आहे, दोरा लावून मोजलं. गंमत म्हणून काट्यावर उभी राहिले. नोकरीला लागताना डॉक्टरने ६२ लिहिलं होतं. आज ५३.

नऊ तिकडे, नऊ इकडे. दोन वेळा वजाबाकी केली.

शुक्रवार, १४

गाडी ४३१. मी ४१. आरशात तशीच आहे, गाल तसेच, दंड तसेच. पण जिना चढताना पायऱ्या वाजत नाहीत. खुर्चीवर बसले तर खुर्ची करकरत नाही.

लाल वायर काढून टाकली. हिरवा दिवा तसाच. स्विचच्या दोन्ही वायरी कापल्या, टोकं लांब धरली. दिवा तसाच. शेवटी बॅटरीच सोडवली. गाडीत विजेचा थेंब नाही आणि दिवा जळतोय. मी मीटर पेटीत ठेवून दिला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी मुकादमांना सांगायला गेले, ही गाडी भंगारात काढा. ते माझ्यासमोर शांतपणे वर्तमानपत्र वाचत राहिले. मी तीनदा सांगितलं. मग त्यांनी उठून खिडकी लावली, बहुतेक वारा येतोय असं वाटून.

सोमवार, १७

नवा स्विच आला, बसवला. बॅटरी मुकादमांनी आधीच दुसऱ्याकडून जोडून घेतली होती. काही फरक नाही. सीट रिकामी, दिवा हिरवा.

सीटवर हात ठेवला. गरम. फोमला खळगा पडलाय, रुंद, उजवीकडे जरा जास्त खोल. मी बसते तशी. दुखऱ्या उजव्या गुडघ्यामुळे मी तशीच बसते.

बसून बघितलं. अंगात एकदम जीव आला. पाय जड झाले, श्वास छातीपर्यंत पोचला. तेवढ्यात काका म्हणाले, अहो बाई, दोन दिवस कुठे होतात? मी सकाळपासून त्यांच्यासमोर उभी होते.

उतरले. काका इकडेतिकडे बघत राहिले.

मला भीती वाटतेय. लिहून टाकलं.

बुधवार, १९

गाडी ४६१. मी ११. वारा असला की दाराची चौकट धरून उभी राहते.

ठकी माझ्या कुशीत झोपली होती. पहाटे कूस बदलली आणि माझ्या जागेवरच लोळली. मी तिथेच होते. तिला काही लागलं नाही. मग उठून आई आई करत बाहेर गेली. थेट शेडमध्ये. मी मागून धावले, आधी सीटवर जाऊन बसले. तेव्हा तिने मला बघितलं आणि गळ्यात पडली. रडत म्हणाली, तू घरी का येत नाहीस?

आता ती खोलीत थांबतच नाही. आई कुठे सापडते, ते तिला कळलंय.

शुक्रवार, २१

काट्यावर गाडी ४७३.

४७२ व्हायला हवी. माझे ६२ सगळे गेले. मग हा वरचा एक कोणाचा?

दुपारी मी पाणी आणायला उतरले होते तेव्हा ठकी सीटवर बसून होती. माझी वाट बघत. तासभर.

तिला काट्यावर उभं केलं. म्हणजे मी सीटवरून सांगितलं, ती उभी राहिली. आली तेव्हा २४ होती. २३.

शुक्रवारच, नंतर

पुरते तीन तास सीटवरून हलले नाही. तिला परत तोललं. २३. कमी नाही झालं. म्हणजे मी बसलेली असले तर गाडी तिला हात लावत नाही. कोणीतरी बसलेलं लागतं फक्त. मीच सांगितलं होतं ना.

सीटवरूनच बहिणीला फोन लावला. इथून आवाज पोचतो. ठकीला घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, एवढी भांडून नेलीस आणि आता? मी म्हटलं, ने, आणि तिने तुला आई म्हटलं तर म्हणू दे.

रविवारी येतेय.

शनिवार, २२

उतरणार नाही. तहान नाही, भूक नाही. काका माझ्यावरच बसून गाडी चालवून गेले, त्यांना कळलंही नाही. मलाच कळलं, त्यांची हाडं.

ठकीला ओरडले. या गाडीजवळ यायचं नाही, मावशीबरोबर जायचं. ती लांब उभी राहून बघत होती. मग डोळे बारीक करून विचारलं, आई, तू आहेस ना तिथे? म्हणजे सीटवरसुद्धा आता नीट—

पेन उमटत नाही. दोन्ही हातांनी दाबतेय.

रविवार, २३

सुट्टी. शेड रिकामी. फाटकाशी बहिणीचा आवाज. आली. आली बाई एकदाची.

ठकीला हाका मारतेय. जा ठकी. जा ना.

इकडेच येतेय. पिशवी टाकून दिली.

समोर उभी. दिसत नाही मी तिला. सीटवर हात फिरवते. म्हणते, गरम आहे. म्हणते, आई, तू आहेस, मला माहितेय.

चढू नकोस. मी ढकलतेय, मोकळ्या हाताने—तिच्या केसाची बटसुद्धा—

बसली. माझ्या मांडीवर. मांडी लागत नाही तिला, ऊब लागते. हसतेय. पाठ टेकवली, त्या भिंतीला टेकवली होती तशी.

बहीण दारात. ये म्हणते. ठकी मान हलवते.

रडीला थोपटतेय माझ्यासारखं. नको. ते म्हणू नकोस, बाळा, ते शब्द नको, गंमत नव्हती ती—

म्हणतेय, समज, मीच बसलेय का