डोकं ठिकाणावर

सोमवार, ४ मार्च

नाही म्हणजे नाही! सर्जन पुन्हा विचारून गेले. "विष वर चढतंय, आजी. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल." चढू दे. उभा जन्म या पायाने शिलाई मशीन चालवलं. साखर वाढली, बोटं काळी पडली, म्हणून काय अख्खा पायच द्यायचा?

मुलगा वैतागला. "आई, लहान पोरासारखं काय करतेस!" सून गप्प. तिचं गप्प बसणंच जास्त टोचतं.

मंगळवार, ५ मार्च

कारस्थान कळलं! मुलगा दारापाशी सर्जनना सांगत होता — "तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी सही करतो, तुम्ही कापा." पाय बिघडलाय रे मेल्या, कान नाही! सर्जन म्हणाले, "आधी मानसोपचारवाल्यांना दाखवू. त्यांनी लिहून दिलं तर बघू."

तेव्हापासून शेजारच्या खाटेवरची बाई टकामका बघतेय. आपला पाण्याचा तांब्यासुद्धा पलीकडे सरकवला तिने. खाटेला कठडे, साधं कुशीवर वळायचं तरी सिस्टरला हाक. इकडे आड, तिकडे विहीर — आणि मला धड उडीही मारता येत नाही.

बुधवार, ६ मार्च

मानसोपचाराची डॉक्टर आली. पोरसवदा. पडदा ओढून घेतला — भिंतीला कान असतात, पडद्याला नसतात होय? सगळा वॉर्ड चिडीचूप.

वार विचारला. शंभरातून सात वजा करायला लावले. अगं, मापं घेण्यात हयात गेली माझी! मग म्हणाली, "पाय नाही काढला तर?"

"मरेन."

"काढला तर?"

"जगेन. शौचालाही सुनेकडून भांडं घेत." निघून गेलं तोंडातून. तिने ते कागदावर टिपून घेतलं. मग हळूच, "आणि आम्हीच जबरदस्तीने काढला तर?"

"मग पाप तुमचं!" मी हसले. ती नाही हसली.

गुरुवार, ७ मार्च

निकाल लागला. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्या मर्जीशिवाय पायाला कोणी हात लावणार नाही. मुलगा तोंड झाकून रडला. जिंकले!

शुक्रवार, ८ मार्च

घास उतरत नाही. मी धरूनच चालले होते — मला वेडी ठरवतील, धरून कापतील, आणि मी जन्मभर त्यांच्या नावाने बोटं मोडत जगेन. जगायचंच होतं मला! आता कोण कापणार?

सिस्टरला हाक मारली. म्हटलं, सर्जनना बोलाव. आणि माझ्या सुनेला निरोप दे — घरी एक भांडं आणून ठेव म्हणावं.