अकरा गजर आणि एक निळं स्टूल

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात फडकं होतं, ते आत्ताच कुठेतरी ठेवलं. कुठे, ते विचारू नकोस.) तुझी कंबर, भावोजींचं पित्त आणि तुझ्या फरशीची चमक, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. बाबांची तब्येत विचारत नाही, कारण ते रोज दुपारी फोन करून स्वतःच सांगतात. "तब्येत उत्तम, करायला काही नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तू त्यांना भाजीसुद्धा निवडू देत नाहीस म्हणे, देठं मोठी ठेवतात म्हणून.

पत्रास कारण तुला ठाऊक आहेच. बाबांना माझ्याकडे राहायला यायचं आहे आणि तू म्हणालीस, "आधी एक महिना घर चालवून दाखव, मग बघू." तो महिना येत्या रविवारी संपतो आणि तू पाहणीला येणार आहेस. त्याआधी सगळं माझ्याच तोंडून कळलेलं बरं, कारण छत तुला दारातूनच दिसेल.

तू पाठवलेलं वेळापत्रक अप्रतिम होतं. सात रकाने, चार रंग, वर प्लास्टिकचं आवरण (काही सांडलं तर पुसता यावं म्हणून, मला किती ओळखतेस गं!). मी ते त्याच दिवशी भिंतीवर लावायला घेतलं. त्याला खिळा हवा, खिळ्याला हातोडी, हातोडी माळ्यावर, माळ्यावर चढायला स्टूल, आणि स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता. आता डुगडुगत्या स्टुलावर चढून मी पडले असते तर तूच ओरडली असतीस. म्हणून पाय घट्ट बसवला. तो बसवताना दिसलं की रंग पार उडालाय. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे निळ्या रंगाचं देखणं स्टूल होतं आणि वेळापत्रक त्याच्याखाली अंथरलेलं होतं. प्लास्टिकचं आवरण खरंच कामाला आलं, रंग जवळजवळ सगळा निघाला. मंगळवार तेवढा निळाच राहिला. त्यामुळे मंगळवारी मला नेमून दिलेलं असं काही काम नसतं, याची नोंद घ्यावी.

बाकीच्या सहा दिवसांत मी अजिबात आळस केलेला नाही. उलट इतकी कामं सुरू केली की तू थक्क होशील. कपडे तर मी तीनदा धुतले. तेच कपडे. पहिल्यांदा धुतले आणि वाळत घालायला चिमटे आणायला गेले, तर चिमट्यांच्या खणात जुनी पत्रं सापडली. दोन दिवसांनी वासावरून कपडे आठवले, म्हणून पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा का धुतले हे मलाही नीट सांगता येणार नाही, पण त्या चादरीइतकी स्वच्छ आणि ओली चादर तुझ्याही घरात नसेल. एक ना धड भाराभर चिंध्या असं तू म्हणशील. म्हण, लहानपणापासून म्हणतेसच. त्या चिंध्यासुद्धा धुवायच्या राहिल्यात.

अडतिसाव्या वर्षी डॉक्टरबाईंनी मला याचं नाव सांगितलं, एडीएचडी. लक्ष नसतं असं नाही, म्हणाल्या, लक्षाला लगाम नसतो. हे मी तुला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं आणि तू एका वाक्यात त्यांची सगळी पदवी धुऊन वाळत घातलीस. "आमच्यात याला धांदरटपणा म्हणतात." (तू वाळत घातलीस हे विशेष. मी असते तर मशीनमध्येच राहिली असती.) एक सांगते ताई, रागावू नकोस. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले होते, पण वाईट वाटून नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी माणूस म्हणूनच कमअस्सल आहे, तुझ्यासारखं रक्त माझ्यात उतरलंच नाही. ते तसं नाही एवढंच कुणीतरी शिक्का मारून लिहून दिलं होतं. तो कागद तुला दाखवायचा आहे. सापडला की दाखवते.

आता छत. तू म्हणालीस, "गजर लाव." माझं पोट घड्याळं दुरुस्त करण्यावर चालतं, गजरांना काय तोटा! बाबांच्या दुकानातून मी अकरा घड्याळं घरी आणली आणि प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलं. भांड्यांचं वेगळं, कचऱ्याचं वेगळं, झाडांना पाण्याचं वेगळं. गेल्या शनिवारी सकाळी चार अंडी उकडत ठेवली आणि सात नंबरच्या घड्याळाला बारा मिनिटांचा गजर लावला. तो वाजलाही. पण आवाज किंचित घोगरा वाटला. ठोका घंटेवर नीट पडत नव्हता. आता मला सांग, असं घड्याळ मी तसंच सोडू? उघडलं. आत चाकाचा एक दाता झिजलेला. ताई, मी तो दाता काय सुरेख बसवला! सव्वा तास मान वर केली नाही. (माझं लक्ष लागत नाही म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं.) तेवढ्या वेळात पाणी आटलं आणि अंडी फुटली. फुटली म्हणजे तोफ डागावी तशी. तीन छताला चिकटली. चौथं अजून सापडलेलं नाही.

आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाई धापा टाकत वर आल्या. निवृत्त ग्रंथपाल आहेत. आयुष्य लोकांना गप्प बसवण्यात गेल्यामुळे स्वतःही फारसं बोलत नाहीत. त्यांनी छताकडे पाहिलं, ओट्यावरच्या चार दिवसांच्या भांड्यांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "जरा बसते हं, दम लागला." निळ्या स्टुलावर बसल्या आणि काखेतलं पुस्तक उघडून वाचू लागल्या. उपदेश नाही, मदत नाही, च्च् नाही. आणि मी, काय झालं कोण जाणे, भांडी घासायला लागले. एक संपलं की दुसरं घेत गेले, मध्ये कुठेही भरकटले नाही. भांडी झाली, ओटा झाला, चादर वाळत पडली. पन्नास मिनिटांनी बाई उठल्या, "झालं प्रकरण," म्हणाल्या (पुस्तकातलं असावं) आणि गेल्या. त्यानंतर आठवडाभर त्या रोज येऊन बसल्या आणि रोज घर आवरलं गेलं.

त्यावरून दुकान आठवलं. बाबा गल्ल्याशेजारी पेपर वाचत बसायचे तेव्हा मी उघडलेलं घड्याळ बंद करूनच उठायचे. मला वाटायचं ते माझ्यावर लक्ष ठेवतात. पण ते पेपरातून डोकंसुद्धा वर काढत नसत. ते तुझ्याकडे राहायला गेल्यापासून दुकानात सतरा घड्याळं उघडी पडली आहेत.

असो. महिन्याचा हिशोब असा की घर माझ्या पूर्ण ताब्यात आहे. रविवारी निःशंक ये, सगळं लखलखीत असेल.

तुझीच,
धांदरट

ता. क. वरचं "लखलखीत" खोडायचं होतं, पण पेन सापडेना. हे पेन्सिलीने लिहिते आहे. छत तसंच आहे.

ता. क. आणखी एक. ग्रंथपालबाई उद्यापासून दोन महिने भावाकडे चालल्या आहेत. तेव्हा आता खरं बोलते. मी बाबांना सांभाळीन असं तुला सांगत होते, ते उलटं आहे. मला ते हवे आहेत, स्टुलावर बसायला. तुझ्या घरात त्यांना करायला काही उरलेलं नाही आणि माझ्या घरात कुणी नुसतं बसलं तरी ते काम होतं. भाजीची देठं मी मोजणार नाही. पाठव गं त्यांना. पाहणीत मी नापास झाले तरी पाठव.

ता. क. चि. थोरलीस आशीर्वाद. हे पत्र मला फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात सापडलं. आत 'येत्या रविवारी' असं आहे, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीचं आहे. रविवारी तू आलीस, छत पाहिलंस आणि "नाही म्हणजे नाही" म्हणून गेलीस, ते कळलं. मी आज सकाळी तू ऑफिसला गेल्यावर माझी पिशवी घेऊन निघून आलो. चिठ्ठी लिहिली होती, ती बहुतेक माझ्याच खिशात आहे. काळजी करू नकोस. मी निळ्या स्टुलावर बसलो आहे, ती भांडी घासते आहे, सतरातली चार घड्याळं दुपारी बंद करून आलो. चौथं अंडं पंख्यावर होतं. तुझ्या न्हाणीघरातला नळ मी निघताना चालूच ठेवला असं आत्ता आठवतं आहे. पत्र मिळताच बंद कर. — बाबा