सतरा माणसं आणि दोनशे घोडे

सोमवार, ३ मार्च
मालकीणबाईंचं नवं टुमणं — "सतरा जण थेट तुझ्याच हाताखाली? तुला किती झेपतात ते शुक्रवारपर्यंत सांग. बाकीचे दुसऱ्या कुणाकडे देऊ." दुसऱ्या कुणाकडे! सहा वर्षं ऑफिसात राबून वर्षापूर्वी कारखान्यातली ही खुर्ची मिळवली. एकही देणार नाही.
नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "घरात आम्ही दोघंच, मी आणि लेक. आमचं तरी कधी पूर्ण ऐकून—" त्याचं वाक्य संपेपर्यंत मी स्वयंपाकघरात.

मंगळवार
सतरा. ठरलं.

बुधवार
फजिती! खेळण्यातल्या घोड्यांचे डोळे रंगवणाऱ्या दोघीच, थोरली आणि धाकटी. रोज सकाळी माझ्या टेबलापुढे चिठ्ठ्यांची रांग लागते आणि मी उभ्याउभ्या सह्या ठोकते. त्या गडबडीत दोघींना आजचीच रजा दिली. दोनशे घोडे बिनडोळ्यांचे, माल उद्या जायचा. पॅकिंगवाली म्हणते, "चष्मे देऊन पाठवू." हसले, पण ब्रश धरणारं कुणीच नाही.
तेवढ्यात लाकडाच्या घासकामावरचे मौनीबाबा उठले. वर्षभरात यांच्याशी मी चार वाक्यं बोलले नसेन. त्यांनी ब्रश घेतला, आणि संध्याकाळी दोनशेच्या दोनशे घोडे टकामका बघत होते.

गुरुवार
विचारलं, हे कुठे शिकलात?
"इथेच. वीस वर्षं डोळेच रंगवत होतो. तुम्ही कामं नव्यानं वाटलीत, त्यात घासकाम आलं."
मग सांगायचं नाही का?
"रांग मोठी असते, ताई."
लाज वाटली. अजून वाटतेय.

शुक्रवार
मालकीणबाईंना आकडा दिला — आठ. उरलेल्यांवर मौनीबाबा. "उशिरा का होईना," म्हणाल्या. वाटलं होतं रडू येईल, तर भूकच लागली. मौनीबाबांना उद्या सांगेन.
नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. फार लांब होतं.

शनिवार
मी उठणार तोच मौनीबाबा टेबलापुढे. "येतो, ताई. आज शेवटचा दिवस."
हातात राजीनामा, महिन्यापूर्वीचा. खाली माझी सही, उभ्याउभ्या ठोकलेली.
खुर्ची ओढली. म्हटलं, आधी बसा. मग सगळं सांगितलं, माफीसुद्धा मागितली. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.
"फाडा. पण या वेळी वाचून."