मी खोडरबर हातात घेतला त्याची हकिकत

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द या खेपेला शोभेपुरता नाही. समोर असतीस तर खरोखर आडवा पडलो असतो आणि तू ऊठ म्हणेपर्यंत उठलो नसतो.) नवा गुडघा काय म्हणतो? ताईने कळवलं की तू काठीशिवाय चालतेस आणि जावईबापूंना चहा कसा गाळावा ते शिकवतेस. म्हणजे प्रकृती मूळपदावर आली, आनंद झाला. तरी माझं ऐकशील तर घाई करू नकोस. गुडघ्याचं दुखणं वाईट. डॉक्टर महिना म्हणाले असतील तर तू दोन धर. लेकीकडे राहायचे दिवस काय रोज रोज येतात? इकडची काळजी मुळीच नको. लायब्ररी जागेवर आहे, छत गळत नाही, वाळवी लागलेली नाही, कुलूपही नीट बसतं. पुस्तकं सगळी आहेत आणि स्वच्छ आहेत.

स्वच्छ आहेत, हेच सांगायला बसलो आहे. जाताना तू दारात उभं राहून बजावलं होतंस की ठोंब्या, पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. मी मान डोलावली होती, आणि देवाशपथ सांगतो, मनापासून डोलावली होती. पण मावशी, उमेदीची सगळी वर्षं मी लाँड्रीत काढली. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. तुझ्या कादंबऱ्या सहज चाळायला घेतल्या, तर जिकडे तिकडे पेन्सिलीचे उद्योग! कुठे पानाच्या कोपऱ्यात चांदणी, कुठे फुली, कुठे पानाच्या आकड्याभोवती गोल, कुठे एवढंसं फूल. मला वाटलं, काय ही माणसं, केस पिकले तरी हाताची खाज जात नाही. मावशी परत आली की थक्क झाली पाहिजे, असं ठरवून चांगला मऊ खोडरबर आणला आणि एका टोकापासून सुरुवात केली. (कागद जराही फाटला नाही. डाग जावा पण कापड दुखू नये, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. सांगायला लाज वाटते, पण काम फार सुरेख झालं.)

पुढच्याच आठवड्यात आपल्या सिस्टर आल्या. (दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी समोरच्याची जीभ बघितल्याशिवाय बोलत नाहीत, त्याच.) नेलेली कादंबरी टेबलावर ठेवून म्हणाल्या, ही वाचलेली निघाली. दुसरी दिली, तीही वाचलेली निघाली. तिसऱ्या वेळी त्यांनी पुस्तक माझ्यासमोरच उघडलं, एका ठरावीक पानावर गेल्या आणि विचारलं, "माझी चांदणी कुठाय?" मी छाती फुगवून सांगितलं की पुसली, तुमचीच नाही, सगळ्यांचीच पुसली. त्यावर त्यांनी इंजेक्शन द्यायच्या आधी बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

तुला वेगळं काय सांगू, तुला ठाऊकच आहे. मलाच ठाऊक नव्हतं. जन्मभर कादंबऱ्या वाचलेल्या माणसाला कुठली वाचली नि कुठली नाही हे आठवेनासं होतं, म्हणून जो तो आपल्या ठरलेल्या पानावर आपली खूण करून ठेवतो. पुस्तक नेण्याआधी ते पान उघडायचं, खूण दिसली की परत ठेवायचं. म्हणजे तुझ्या सगळ्या सभासदांची आठवण त्या पेन्सिलीत होती आणि मी ती झाडून केरात टाकली. यात सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की लाँड्रीत मी स्वतः प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत खूण घालत होतो. ती गेली तर वकिलाचा शर्ट सुताराच्या अंगात जायचा, हे मला झोपेतही कळत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर बैल गाडीसकट गेला.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी अख्खं सभासदमंडळ टेबलापुढे उभं. कोणी लायब्ररी सोडायची भाषा केली, कोणी तुला कळवतो म्हणालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी सिस्टरच मागच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, त्या कपाटाकडे मी जन्मात फिरकले नाही, तेव्हा तिथलं काही वाचलेलं असण्याची भीतीच नाही. आणि एका मुष्टियोद्ध्याचं आत्मचरित्र काखोटीला मारून निघून गेल्या. मग काय, सगळेच आपापल्या न शिवलेल्या कपाटांकडे वळले! आता सिस्टर सकाळी गच्चीवर दोरीच्या उड्या मारतात आणि मला पवित्रा कसा घ्यावा ते दाखवतात. (सराव माझ्यावरच चालतो. मी चुकवत नाही.) आपले घड्याळवाले, ज्यांनी आजवर प्रवासवर्णनापलीकडे काही वाचलं नाही, ते विज्ञानकथेत बुडाले आहेत. घड्याळ दुरुस्तीला आलेल्या माणसाला, काळ मुळात सरळ जातोच कशावरून, असं विचारतात आणि घड्याळ तसंच परत करतात. पलीकडचे हेडमास्तर नीतिबोध सोडून भुताच्या गोष्टींना लागले. आता अंधार पडला की बायकोला हाक मारल्याशिवाय न्हाणीघरात पाऊल टाकत नाहीत. त्या माउलीने येऊन मला चार शब्द सुनावले. ऐकून घेतले, दुसरं करणार काय?

मीही वाचतो आहे. प्रायश्चित्त म्हणून सुरुवात केली होती, पण खोटं कशाला बोलू, गोडी लागली. एका धावपटूचं चरित्र वाचलं, तो वर्षानुवर्षं शेवटचा येतो आणि तरी धावतो. त्या माणसाला भेटावंसं वाटलं. मग एक विज्ञानकादंबरी घेतली. तिच्यात एका ग्रहावरच्या लोकांची स्मृती रोज पहाटे धुऊन काढतात आणि ते काम करणारा इसम स्वतःवर भलताच खूश असतो. पुस्तक मिटलं तेव्हा माझे कान गरम झाले होते.

इथवरच लिहून पत्र संपवणार होतो, पण खरी गोष्ट लपवून चैन पडेना. परवा सिस्टरनी हळूच विचारलं, "काकांचा चष्माही गेला का रे?" मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की काका पुस्तक वाचून झालं की शेवटच्या पानावर एवढासा चष्मा काढायचे. आणि ते गेल्यापासून तू फक्त चष्मा असलेलीच पुस्तकं वाचतेस, एकेक करून, त्यांच्या मागून.

मावशी, ते चष्मे मला आठवतात ग. कोणा पोराने सायकली काढल्यात असं समजून पुसले मी. मग सगळी शेवटची पानं खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरून बघितली, पण काकांचा हात हलका, वळ उठलेला नाही. एकदा तर पेन्सिल घेऊन स्वतःच चष्मे काढायला बसलो. पण काकांनी कुठली वाचली होती हे मला काय माहीत? न वाचलेली पुस्तकं त्यांच्या गळ्यात मारली असती. म्हणून तेही पुसलं. एवढ्यासाठीच वर डॉक्टरांचं नाव पुढे केलं. तुला तोंड दाखवायची हिंमत नाही, हे खरं कारण.

ताईला आणि जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
ठोंब्या

ता. क. सिस्टर म्हणतात की मी पुसत होतो तेव्हा जी पुस्तकं बाहेर होती ती माझ्या खोडरबरातून बचावली असणार. म्हणून वेळेवर पुस्तक परत न करणाऱ्या ज्या आळशांना आपण आजवर नावं ठेवली, त्यांच्या दारोदार हिंडतो आहे. ते मला भाडेवसुलीवाला समजून दार लावून घेतात.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. घड्याळवाल्यांच्या दुकानात एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली आपलं एक भुताचं पुस्तक सापडलं. (पोरगा नेऊन विसरला होता, असं ते म्हणतात.) शेवटच्या पानावर चष्मा आहे. चष्म्याखाली काकांच्या अक्षरात लिहिलंय, 'हिला देऊ नये. महिनाभर दिवा मालवू देणार नाही.'

मी ते वाचलं. काका बरोबर आहेत, माझाही दिवा चालूच असतो. पोस्टाने पाठवत नाही, काकांची मनाई आहे. पण मनाई मोडायची तर तूच मोडायचीस. टेबलावर ठेवलंय, कोणालाही हात लावू देत नाही. तेव्हा डॉक्टर काय म्हणायचे ते म्हणू देत, गुडघा कसाही असो, तू लवकर ये.