वहिनीला नावाने हाक

रत्नागिरी,
दि. ८ डिसेंबर २०२४

ती. आजोबांस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आजी मधे बसून निरोप सांगते तेव्हा माझ्या दहा वाक्यांचं एक करते. म्हणून पत्रच बरं. मी मजेत आहे, गुडघे मात्र नाहीत. इथलं मैदान जांभ्याच्या खडीचं. एकदा बॉलवर झेप घेतली की पुढे आठवडाभर वसतिगृहाचा जिना चढताना ती आठवते.

खो-खोवाली पोरगी फुटबॉलमध्ये कशी गेली, असं तुम्ही विचारलं होतं. आमचे कोच सुजय सर म्हणाले, जी पडायला भीत नाही तिला गोलकीपर करता येतं. दीड वर्षात झेपावायला, बॉल छातीशी धरायला शिकले. एक गोष्ट मात्र जमेना, ती म्हणजे ओरडणं. गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं, बचावातल्या मुलींना पाठीमागचं दिसत नाही. कुणी मागे यायचं, कुणी बॉल सोडायचा, हे तिनेच ओरडून सांगायचं असतं.

आणि माझ्यापुढे बचावात कोण, तर आमची कॅप्टन, दीक्षावहिनी! केतनदादा माझी मॅच बघायला आला आणि तिला बघून गेला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तोवर ती माझी नुसती दीक्षा होती, एका ताटात जेवणारी मैत्रीण. साखरपुड्याच्या दिवशी आईने बजावलं, आता नाव घ्यायचं नाही. मी घेत नाही. पण वहिनी म्हटलं की मागोमाग ‘जरा’ येतं, आणि जरा मागे येता का, असं विचारून होईपर्यंत बॉल जाळ्यात. परवाच्या सरावात तसाच गोल खाल्ला. सगळ्या मुली हसल्या, सर हसले नाहीत.

सरांनी सांगितलंय, खेडच्या कॉलेजशी त्यांच्याच मैदानावर सामना आहे त्यात नावाने ओरडले नाही तर पुढच्या सामन्यापासून गोलात आमची बदली गोलकीपर श्रद्धा. वहिनीचं माहेर खेडचंच, तिची आई बघायला येणार. आजोबा, मला बाकावर बसायचं नाही. काय करू?

आजीला जयभीम. तुमची माया आहे तशीच राहू द्या.
तुमची आम्रपाली


राजापूर,
दि. १२ डिसेंबर २०२४

चि. आम्रपालीस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र आजीला वाचून दाखवलं. बॉल अडवायचा एवढंच काम असेल तर इतकं पडायचं कशाला, असं ती विचारते. गुडघ्यांना खोबरेल लाव म्हणते. कुळथाचं पीठ एस.टी.ने पाठवतो आहोत, मैत्रिणींनाही दे. आमच्याकडे पावटा छान उगवलाय, माकडांनी ठेवला तर तुझ्या वाट्याला येईल.

आता तुझं दुखणं. तुझ्या आजीने लग्नात उखाण्यात माझं नाव घेतलं, त्यानंतर फक्त एकदा. केतन लहान होता. आम्ही हातखंब्याच्या तिठ्यावर उतरलो. माझे कान तेव्हाच अधू झालेले. मी वाकून पिशव्या गोळा करत होतो आणि पाठीमागून ट्रक मागे येत होता. आजी अहो, अहो म्हणून ओरडली. तिठ्यावरच्या सगळ्या नवऱ्यांनी वळून बघितलं, मी सोडून. मग ती रामजी म्हणून अशी किंचाळली की या कानांनाही ऐकू गेलं, आणि मी उडी मारली. नंतर ती खूप रडली. मी वाचलो म्हणून नव्हे, चारचौघांत नाव घेतलं म्हणून! भजी खायला घातली तेव्हा कुठे थांबली.

तेव्हा तू खुशाल ओरड. तुझ्या आईचं मी बघतो. दीक्षाची आई रुसलीच तर आजोबांनी सांगितलं म्हणावं. या वयात माझ्यावर कोण रागावणार?

सामन्याचं लगेच कळव. आमचा जीव तुझ्यापाशी आहे, हे विसरू नकोस.
तुझे आजोबा


रत्नागिरी,
दि. १९ डिसेंबर २०२४

ती. आजोबांस,
दीक्षाचा सप्रेम जयभीम.

माझं अक्षर बघून घाबरू नका. आम्रपालीचं बोट सुजलंय, पेन धरता येत नाही, म्हणून मी लिहिते. डॉक्टरांनी बघितलं, हाड शाबूत आहे.

आम्ही जिंकलो, एक-शून्य. शेवटची काही मिनिटं उरली होती. खेडच्या मुलीने बॉल उंच मारला आणि तो थेट माझ्या डोक्यावर आला. डोळ्यांवर ऊन होतं. मी डोक्याने मारायला उडी घेणार, तो मागून आवाज आला, दीक्षा, सोड! त्यात वहिनी नाही, जरा नाही. दीड वर्षात तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी खाली वाकले, ती माझ्या अंगावरून झेपावली आणि बॉल छातीशी घेऊन पडली. मी मारला असता तर तो आमच्याच जाळ्यात गेला असता, हे मला नंतर कळलं. पुढच्या सामन्यालाही आम्रपालीच गोलात, असं सरांनी तिथेच जाहीर केलं.

माझ्या आईने तिला लांबून ओळखलं नाही, शेजारच्या बाईंना विचारत होती, ही कोण पोरगी माझ्या लेकीला दरडावते. नणंदच ती, हे तिला मागाहून कळलं. सामन्यानंतर मी घरी डोकावले तेव्हा म्हणाली, नणंद दरडावणार हे धरूनच चालले होते, पण लग्नाच्या आधीपासून? आणि मग इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला.

आजोबा, खरं सांगायचं ते पुढेच आहे. सामना संपला, आम्ही सगळ्या मिठ्या मारत होतो, आणि आम्रपाली खाली मान घालून आली. वहिनी, चुकले, सरांनी सांगितलं होतं म्हणून, असं म्हणाली. मैदानाची रेघ ओलांडली आणि मी परत वहिनी झाले. जिंकल्याचा आनंद होता, तरी मला रडू आलं. केतन मला मिळाले, आणि माझी मैत्रीण मात्र अदबीने बाजूला झाली.

मे महिन्यात लग्न होऊन मी तुमच्या घरी येईन. केतन मुंबईला नोकरीवर परत जातील, तिथे खोली मिळेपर्यंत मी तुमच्यापाशीच. मोठी माणसं मला नावाने हाक मारतील, पण ती सुनेला. मैत्रीण समजून हाक मारणारी ही एकच आहे. घरातही तिने मला दीक्षाच म्हणावं, एवढं तुम्ही तिच्या आईंना सांगाल का? मी अजून परकी, माझ्या तोंडी ते शोभायचं नाही. तुमचं त्या ऐकतील.

आजींना जयभीम. आम्रपालीवरच्या मायेतली थोडी माझ्याकडेही वळवा.
तुमची,
दीक्षा